आग्रह सरबताचा असावा

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. वैशाख सरत आला की या जोडगावांत घरोघर पाहुणे असतात. मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली मुलेबाळे, लग्नघरची मंडळी, शेतघरावर शनिवार-रविवार काढायला आलेले मित्र. त्याच दिवसांत आंबा उतरतो, करवंदे काळी होतात, कोकमे पिकतात आणि पाठोपाठ जांभळे येतात. अलीकडे अशा घरगुती मेजवानीत एक नवी पद्धत रुजली आहे. मोसमातल्या फळाच्या रसात व्होडका, जिन किंवा रम मिसळून यजमान 'आमच्या घरचे खास कॉकटेल' जगभर तयार ठेवतो आणि येणाऱ्याच्या हाती त्याचा ग्लास देतो.

प्यावे की न प्यावे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा असला तरी वैद्यकशास्त्राचे उत्तर आता स्पष्ट आहे. मद्याचा कोणताही घोट पूर्ण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. मद्य हे कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण असल्याचे तर १९८८ पासून नोंदले गेले आहे. फळातल्या जीवनसत्त्वांनी हा धोका कमी होत नाही. पण घरच्या जगात याहून तातडीचा एक धोका असतो. त्या जगाला माप नसते.

हिशेब करून पाहावा. भारतात मिळणाऱ्या बहुतेक कडक मद्यात ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते. ७५० मिलिलिटरची एक बाटली सव्वा लिटर आंब्याच्या किंवा कोकमाच्या रसात ओतली, तर दोन लिटर पेय होते आणि त्याचे २०० मिलिलिटरचे दहा ग्लास भरतात. प्रत्येक ग्लासात ७५ मिलिलिटर मद्य, म्हणजे अडीच पेग. पिणाऱ्याला वाटते, आपण दोनच ग्लास घेतले. प्रत्यक्षात पाच पेग पोटात गेलेले असतात.

हे जिभेला कळत नाही. कोकमाचा आंबटपणा, साखर, जिरे, मीठ आणि बर्फ मद्याची जळजळ झाकून टाकतात. निव्वळ मद्याचा घोट घशाला टोचतो आणि माणूस थांबतो. सरबतासारखे लागणारे पेय उकाड्यात घटाघट प्यायले जाते. त्यात मद्याने लघवीचे प्रमाण वाढते, त्यामुळे घामाने आधीच कमी झालेले पाणी आणखी कमी होते. रिकाम्या पोटी हे सारे लवकर रक्तात उतरते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच ग्लासात त्यांच्या रक्तातली पातळी अधिक चढते.

ही पातळी उतरायला मात्र वेळ लागतो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करते. दोन ग्लासांतले ५० ग्रॅम जायला पाच ते सात तास हवेत. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. माणूस जागा झाल्यासारखा वाटतो, एवढेच. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. या जगातला एक ग्लासही ती ओलांडायला पुरू शकतो. रात्री अकराला नागोठण्याच्या किंवा कोलाडच्या बाजूने महामार्ग गाठायला निघालेल्या पाहुण्याच्या बाबतीत हा हिशेब कोणी केलेला नसतो.

दुसरा धोका आग्रहाचा. पाहुण्याला आग्रह करणे ही कोकणातली रीत आहे आणि पुरणपोळीच्या किंवा आमरसाच्या पंगतीत ती शोभतेही. मद्याच्या बाबतीत तीच रीत घातक ठरू शकते. नको म्हणणारा पाहुणा कारण सांगेलच असे नाही. तो मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर मद्याने त्याची साखर मध्यरात्री धोकादायक उतरू शकते. तो क्षयरोगाची औषधे घेत असेल, तर आधीच ताणलेल्या यकृतावर भार पडतो. झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांनी आलेली गुंगी मद्याने वाढते. एखादीला दिवस गेलेले असतील आणि तिने घरात अजून सांगितले नसेल. एखाद्याने मोठ्या कष्टाने दारू सोडलेली असेल. त्याच्या हाती 'नुसता फळांचा रस आहे' म्हणून दिलेला ग्लास त्याची कित्येक महिन्यांची मेहनत वाया घालवू शकतो.

तिसरा धोका घरातल्या मुलांना. कोकमाचे सरबत आणि कोकमाचे कॉकटेल रंगाने सारखेच दिसते. मेजवानी आटोपल्यावर अर्धे ग्लास ओसरीवर तसेच राहतात आणि सकाळी आधी उठतात ती मुले. लहान मुलाच्या पोटात थोडे मद्य गेले तरी रक्तातली साखर झपाट्याने उतरून झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. ग्लास रात्रीच रिकामे करून धुणे, हे यजमानाचे शेवटचे काम मानले पाहिजे.

मग यजमानाने करावे काय? मोसमाचे खास पेय जरूर करावे, पण जगात मद्य घालू नये. कोकम, पन्हे, करवंद किंवा जांभूळ यांचे सरबत सर्वांसाठी एकच ठेवावे. आगळात मीठ बरेच असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ते बेताने वापरावे. साखरही हात राखून घालावी. ज्यांना मद्य हवे, त्यांच्यासाठी बाटली वेगळी, मोठ्या माणसाच्या ताब्यात आणि शेजारी ३० मिलिलिटरचे माप. जेवण आधी, पेय नंतर. गाडी चालवणारा कोण हे संध्याकाळीच ठरवावे. त्याने अजिबात घेऊ नये, आणि तसा कोणी नसेल तर पाहुण्यांची अंथरुणे घालावीत. कडक मद्यासाठी महाराष्ट्रात २५ वर्षे वयाची अट आहे आणि परवानाही लागतो. घराच्या चार भिंतींत हे नियम सुटत नाहीत.

बाटली परवानाधारक दुकानातली आणि सीलबंदच हवी. रसात मिसळल्यावर वाईट मद्याची चव कळत नाही. मिथेनॉलची चव तर एरवीही ओळखता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पिऊन काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पोटदुखी, उलट्या आणि डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, तर ती उतरत्या नशेची डोकेदुखी समजू नये. तडक रुग्णालय गाठावे.

आणि 'झोपलाय, झोपू दे' हे वाक्य तपासल्याशिवाय बोलू नये. हाक मारून, चिमटा काढूनही माणूस जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, अंग गार आणि ओठ निळसर पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवावे, उलटी करवू नये, तोंडात काही घालू नये, एकटे सोडू नये आणि १०८ वर फोन करावा. मेजवानीचा बोभाटा होईल या भीतीने गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पाहुण्याच्या ग्लासात किती जाते हे पाहुण्याला ठाऊक नसते; ते भरणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून ही जबाबदारी यजमानाची. आग्रह करायचाच असेल, तर तो सरबताचा करावा.