गळा आवळणारा ड्रायसूट 'फिट' नसतो!

आइसलँडमधल्या सिल्फ्रा या भेगेतले पाणी बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस असते. तिथे स्कूबा करायला निघालेले आपले पर्यटक कॅमेऱ्याची चौकशी आठवडाभर करतात. ड्रायसूटसाठी मात्र फॉर्मवर उंची-वजन लिहिले की झाले! त्यावरून मानेचे माप कसे कळणार?

'गळ्याला घट्टच हवा, नाहीतर पाणी शिरेल' हे अर्धसत्य आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत, रक्तदाबावर लक्ष ठेवणारा भाग असतो. त्याला कॅरोटिड सायनस म्हणतात. सूटच्या गळपट्टीने तो दाबला गेला की रक्तदाब वाढल्याचा चुकीचा निरोप मेंदूला जातो. मग नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, चक्कर येते, क्वचित शुद्धही हरपते. तीही पाण्याखाली! किनाऱ्यावरच गरगरू लागले तर 'होईल सवय' हे ऐकून घेऊ नका. सूट लगेच उतरवा, दुसरा मागा. चक्कर येण्याचा जुना त्रास असेल तर प्रवासाआधीच डॉक्टरांना दाखवा.

ढगळ सूटही नको. आतली जादा हवा पायांकडे सरकते, माणूस उलटा होऊन वेगाने वर खेचला जातो. तेव्हा श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते.

पातळ कापडी ड्रायसूट स्वतः फारशी ऊब देत नाही. ती आतल्या जाड कपड्यांत अडकलेली हवा देते. म्हणून ते कपडे घालूनच माप बघा. उकिडवे बसा, हात डोक्यावर न्या, हवेचे व्हॉल्व्ह हाताला येतात का पाहा. कुठे अडले तर सूट परत करा, पैसे भरलेले असले तरी.