चूक पुसणारा सिम्युलेटर हा इतिहास नव्हे

जुन्या खिशातल्या कॅल्क्युलेटरचे सॉफ्टवेअर सिम्युलेटर बनवणे हा रिकामटेकड्यांचा छंद, इतिहासाशी त्याचा काय संबंध, असे पुण्यात तरी कोणी म्हणू नये. एका महाकाव्याचा पाठ निश्चित करण्यासाठी या शहराने जवळजवळ अर्धे शतक खर्ची घातले आहे. काम तेच आहे, फक्त पोथी सिलिकॉनची.

१९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-३५ बाजारात आणला. किंमत ३९५ डॉलर. अभियंत्यांच्या स्लाइड रूलचे दिवस त्याने भरवले. आरंभीच्या यंत्रांत मात्र एक दोष राहिला होता. २.०२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम काढून लगेच त्याचा घातांक घेतला, तर परत २.०२ यायला हवे. यंत्र दाखवी २. कंपनीने ते कॅल्क्युलेटर बदलून देऊ केले.

आता त्या पहिल्या यंत्राची प्रतिकृती म्हणवणारे एखादे ॲप उघडावे आणि हेच गणित करावे. उत्तर बिनचूक २.०२ आले, तर ते यंत्र नव्हे, यंत्राचे सोंग आहे. वर जुन्या कळांचे चित्र, आत फोनचे स्वतःचे गणित. अस्सल कागदाच्या जागी कोणी सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखन सुधारून नवी नक्कल ठेवली आणि तिलाच अस्सल म्हटले, तर इतिहास संशोधक मंडळात तिला कोण थारा देईल?

खरा सिम्युलेटर वेगळ्या रीतीने घडतो. एचपी-३५ च्या रॉममध्ये प्रत्येकी १० बिटांच्या ७६८ आज्ञा होत्या. त्या जशाच्या तशा घेऊन एकेक चालवायच्या. मग यंत्राचे गुण येतात तसे दोषही आपोआप येतात. एरिक स्मिथ यांचे ‘नॉनपॅरेल’ याच जातीचे. केन शिरिफ यांनी २०१३ मध्ये १९७४ च्या सिंक्लेअर सायंटिफिकवर केलेले काम तर इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावे असे आहे. त्यातली चिप मूळची बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारापुरती. जागा ३२० आज्ञांची. नायजेल सर्ल यांनी तेवढ्यात त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम कोंबले. अचूकतेला कात्री लागली, आणि पायसारख्या स्थिरांकांच्या किमती यंत्राच्या कवचावर छापाव्या लागल्या! ही ओढाताण जाहिरातीत दिसत नाही. चिपच्या छायाचित्रांवरून आज्ञा वाचल्या, तेव्हा ती दिसली.

भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांच्या शिस्तीत संपादकाच्या आवडीला स्थान नव्हते. पाठ जेथे संशयास्पद, तेथे खाली नागमोडी रेघ. फोनमधल्या गोंडस प्रतिकृतीत अशी एकही रेघ नसते.

‘वस्तू काचेच्या कपाटात ठेवली की झाले’ हा दुसरा आक्षेप. केळकर संग्रहालयातला अडकित्ता पाहताक्षणी उमगतो, कारण त्याची कृती त्याच्या आकारातच आहे. बंद कॅल्क्युलेटर ही नुसती डबी. सिम्युलेटरमध्ये कळेचा स्पर्श आणि लाल आकड्यांची झळाळी मिळत नाही, हे मान्यच. पण त्या यंत्राची विचार करण्याची रीत तेथेच मिळते.

यात मराठी इतिहासाचे काय अडले, असे विचारणाऱ्यांनी ग्रहलाघव आठवावे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ च्या (इ. स. १५२०) सुमारास तो रचला. ज्या-चापांचे किचकट गणित टाळून सोप्या अंकगणिताने ग्रहस्थाने काढण्याची सोय त्यात आहे. सिंक्लेअरच्या चिपशी त्याचे नाते लांबचे नाही. महाराष्ट्रातले जोशी पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून पंचांगे करीत. पेशवे दप्तरातल्या कागदावर कारकुनाने तिथी लिहिली ती अशा पंचांगातून, आकाशाकडे पाहून नव्हे. आजच्या सूक्ष्म गणिताने ती इंग्रजी तारखेत बदलली, तर एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो; आणि लढाई आधीची की पत्र आधीचे, हा वाद कधी त्या एका दिवसावरच अडतो. तेथे हवे असते जुनेच, किंचित चुकणारे गणित.

जपानच्या मिचिओ यानो आणि माकोतो फुशिमी यांनी सूर्यसिद्धान्ताचे गणित चालवणारा पंचांग-प्रोग्रॅम कधीच करून ठेवला आहे. त्यावरून तारखा काढून घेताना कोणाही संशोधकाला ते खेळणे वाटत नाही.