एम.बी.ए.चा सौदा : पाटी वाचू नका, धागा तपासा

मी शिरपूरचा, असे बाहेरगावच्या व्यापाऱ्याला सांगितले की तो हमखास धुळे जिल्ह्यातील शिरपूर समजतो. तेथे मुंबईच्या एनएमआयएमएस या अभिमत विद्यापीठाचे आवार आहे. आमचे शिरपूर जैन वाशीम जिल्ह्यातले, अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे. नाव एक, गाव वेगळे. एम.बी.ए.च्या बाबतीत आपले लोक असेच फसतात. पाटीवर अक्षरे तीच असतात, आतला माल मात्र निराळा निघतो.

माझी तालीम उर्दू शाळेत झाली आणि तिजारत दुकानाच्या गादीवर. कॉलेज पारखण्याचा याला काय अधिकार, असे कोणी विचारील. पण हा धडा आमच्या घराने रोख पैसे मोजून घेतला आहे. माझ्या पुतण्याला एका दलालाने पुण्यात सीट मिळवून दिली. प्रवेश परीक्षेची गरज नाही, नोकरी नक्की, असे सांगितले. भावाने प्लॉट विकून पैसे भरले. दोन वर्षांनी पोराला नोकरी मिळाली ती घरोघर फिरून विमा विकण्याची. ती वाशीमला पदवीशिवायही मिळाली असती. कॉलेजचे नाव घेत नाही. चूक आमचीही होती, कारण कापड घेताना आम्ही धागा जाळून पाहतो आणि येथे काहीच पाहिले नाही.

यंदा माझी धाकटी मुलगी बी.कॉम. झाली. म्हणाली, "अब्बा, मलाही एम.बी.ए. करायचे आहे." माझ्या तोंडावर दोन उत्तरे आली. एक, आपण एकदा पोळलो आहोत. दुसरे, मुलीला एवढ्या लांब कसे ठेवायचे? चार जाणत्या लोकांना विचारल्यावर कळले, दोन्ही उत्तरे कच्ची होती.

पहिली गोष्ट दाराची. राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा देऊन केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेली सीट, हे सरळ दार. खाजगी कॉलेजांत काही जागा संस्था पातळीवर भरल्या जातात. दलाल फिरतो तो त्याच दारापाशी. फरक केवळ इभ्रतीचा नाही, पैशाचाही आहे. शासनाची फी सवलत साधारणपणे केंद्रीय फेरीतून आलेल्यालाच मिळते. आपल्यातील मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील या प्रवर्गाच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. म्हणजे ज्या मुलीला आपण खर्चाच्या नावाखाली थांबवतो, तिचेच शिक्षण आज स्वस्त आहे. जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या तोंडावर तहसीलला धावपळ करून भागत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. विद्यापीठ देते ती एम.बी.ए. पदवी. काही स्वायत्त संस्था पीजीडीएम ही पदविका देतात. पदविका म्हणजे हलका माल असे नाही. २०१७ चा कायदा होईपर्यंत आयआयएमही पदविकाच देत. पण अभ्यासक्रमाला एआयसीटीईची मान्यता आहे का, हे स्वतः पाहा.

तिसरी गोष्ट जागेची. पुण्याचे कॉलेज म्हणून ते चांगलेच, हा भ्रम सोडा. अमरावती आणि नागपूर विद्यापीठांचे स्वतःचे व्यवस्थापन विभाग आहेत. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून आहे. तेथे फार वरचे गुण लागतात, पण मिळाली तर मुंबईचा खर्च सोसावा. आयआयएम नागपूरला २०१५ मध्ये सुरू झाले. समृद्धी महामार्ग आपल्या मालेगाव तालुक्यातून जातो, तेव्हा नागपूरही आता लांब राहिले नाही. त्यासाठी कॅट परीक्षा द्यावी लागते आणि खर्च पंधरा लाखांच्या वर जातो. एवढे भांडवल, तेही व्याजाने काढून, घालायचे की नाही, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मात्र नावाजलेल्या सरकारी संस्थेवर पंधरा लाख घालणे वेगळे आणि अनोळखी पाटीवर सात लाख घालणे वेगळे. दुसरा सौदा मला जास्त धोक्याचा वाटतो.

चौथी गोष्ट, कॉलेजच्या जाहिरातीला नव्हे, तेथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना विचारा. कोणत्या कंपनीत लागलात, पगार हातात किती येतो, काम काय? सर्वांत मोठा पगार सांगणाऱ्याला मधल्या मुलाचा पगार विचारा. ठाणातला वरचा पन्ना दाखवून कोणीही माल विकतो.

ज्याला दुकानातच बसायचे आहे, त्याने घाई करू नये. दोन वर्षे सुरतची खरेदी, उधारी आणि जीएसटीचा हिशेब सांभाळावा. मग वाटले तर धंदा न सोडता इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून एम.बी.ए. करता येते. बाजार पाहिलेल्या मुलाला पुस्तकातला बाजार लवकर कळतो.

माझी मुलगी सीईटीला बसणार आहे. गुण येतील त्याप्रमाणे अमरावती, नागपूर किंवा मुंबई. दलालाचा फोन आला तर तो मी घेणार आहे आणि मधल्या मुलाचा पगार विचारणार आहे. बंधूंनो, तुम्हीही विचारा. प्लॉट विकायला एक दिवस पुरतो, परत घ्यायला आयुष्य जाते.