कुणीतरी फास्ट फॉरवर्ड दाबलंय!

गेल्या मंगळवारची रात्र. अकरा-साडेअकरा वाजले असतील. सकाळी एक स्टोरी फाइल करायची होती, म्हणून मी कर्वेनगरच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते. रूममेट ओट्यापाशी मॅगीचं पाकीट फोडत होती. म्हणजे रोजचाच सीन. आणि अचानक ते सुरू झालं.

आधी पाकिटाची चुरचुर कडक झाली. मग माझीच बोटं कीबोर्डवर कुणीतरी मागे लागल्यासारखी धावायला लागली. पंखा तर असा गरगरत होता, की मी उठून रेग्युलेटर बघून आले. दोनवर होता. रूममेटनं विचारलं, "तुला पण टाकू का गं?" साधा, प्रेमाचा प्रश्न. मला ऐकू आला तो असा, जणू मी तीन महिने भाडं थकवलंय.

मी काहीच बोलले नाही. दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले. मग ते ओसरलं, पंखा परत पंख्यासारखा झाला आणि मी थंडगार मॅगी खाल्ली.

हे काय असतं, ते सांगायचा माझा प्रयत्न दर वेळी फसतो. सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे व्हॉट्सअॅपवरची व्हॉइस नोट टू-एक्सवर ऐकणं. पण तिथे माणूस फक्त पटपट बोलतो. इथे त्याच्या बोलण्यात धाक येतो. नळाचं थेंब थेंब गळणंसुद्धा 'ऊठ, ऊठ, ऊठ' असं काहीतरी दरडावतं. गंमत म्हणजे एकही शब्द निसटत नाही, सगळं नीट कळत असतं. हे खरं नाहीये, हेही कळत असतं. पण कळून उपयोग शून्य! मुद्दाम हळू हात हलवला तरी तो हात झडप घातल्यासारखाच वाटतो.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. सांगलीचं घर, अंगात सणसणून ताप. पुढे ताप नसतानाही व्हायला लागलं. वर्षातून तीन-चार वेळा, बहुतेक रात्री, घर शांत असताना. परीक्षा, जागरणं, डेडलाइन असली की जरा जास्त. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? 'आई, पंखा माझ्यावर चिडलाय'?

तशी माझी काही तक्रार नव्हती. दहा मिनिटांचा तर मामला. माझं डोकं ठिकाणावर आणलं ते एका क्रियाविशेषणानं.

दोन वर्षांपूर्वी मी एका जुन्या छापखान्याच्या मालकांची मुलाखत घेतली होती. सत्तरीचे काका, छापखाना बंद करत होते. संध्याकाळची वेळ, आदल्या रात्री मी जेमतेम तीन तास झोपलेली. मुलाखतीच्या मधेच ते सुरू झालं. मी विचारत होते, "मुलगा का नाही चालवत?" आणि काकांचं उत्तर माझ्या कानांवर सटासट आलं. घरी येऊन मी लिहिलं, 'या प्रश्नावर ते एकदम फटकारून म्हणाले...' कॉपी पाठवून मोकळी झाले.

रात्री एक साल तपासायचं होतं, म्हणून रेकॉर्डिंग लावलं. तर काका फटकारत वगैरे अजिबात नव्हते. उलट थांबत थांबत बोलत होते. मधे त्यांचा घसा दाटून आला होता, ते पाणी प्यायले होते. ग्लास ठेवल्याचा आवाजसुद्धा होता.

मी डेस्कवर फोन केला. पान सुटायच्या बेतात होतं. "एका शब्दासाठी फोन करतेस?" सब-एडिटर वैतागला (हो, तो खरंच वैतागला होता!). शब्द निघाला. पण मी त्या रात्री झोपले नाही. रेकॉर्डर चालू नसताना मी कुणाकुणाला 'फटकारून' ऐकलं असेल? कॉलेजमध्ये एक मुलगा होता. मी त्याला दोन-तीनदा म्हणाले होते, "आवाज चढवून बोलू नकोस." तो प्रत्येक वेळी गोंधळून म्हणायचा, "मी कुठे चढवला?" शेवटी तो बोलायचाच बंद झाला. आता त्याचं कुठलं रेकॉर्डिंग काढू?

मग मी ते केलं जे रात्री दोन वाजता कुणीच करू नये. लक्षणं सर्च केली. पहिलंच हाती लागलं ते १९९६चं एक रिसर्च पेपर. जर्मनीतले एक गृहस्थ. गाडी चालवताना त्यांना अचानक आजूबाजूच्या वस्तू भरधाव अंगावर आल्यासारख्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, साठ सेकंद झाले असं वाटलं की सांगा. त्यांनी सरासरी २८६ सेकंदांनी सांगितलं. म्हणजे त्यांच्या आतलं घड्याळ एवढं मंदावलं होतं की बाहेरचं जग धावत सुटलं. कारण? मेंदूच्या पुढच्या भागात गाठ. संपलं. मी मनातल्या मनात मृत्युपत्र लिहायला घेतलं. (इस्टेट : एक लॅपटॉप, दोन खुर्च्या, डिपॉझिटमधला अर्धा वाटा.)

न्यूरॉलॉजिस्ट बाई मात्र कूल निघाल्या. त्यांनी पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. शुद्ध हरपते का? मधला वेळ आठवत नाही असं होतं का? हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं, कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं? यातलं एक जरी असतं, तर गोष्ट वेगळी होती, मग थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. माझं सगळं 'नाही'. तरी एपिलेप्सीची शंका नको म्हणून ईईजी झाला, एमआरआय झाला. दोन्ही क्लीन. मग त्यांनी विचारलं, "घरात अर्धशिशी कुणाला?"

आईला. माझं अर्धं बालपण आई अंधाऱ्या खोलीत कपाळावर सुंठेचा लेप लावून पडलेली आठवण्यात गेलंय.

"मग हे बहुतेक त्याचंच भावंड," त्या म्हणाल्या. मायग्रेनमध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट सरकते. ब्राझीलच्या लेआओ नावाच्या शास्त्रज्ञानं १९४४ मध्ये प्राण्यांच्या मेंदूत ती पहिल्यांदा टिपली. ती ज्या भागातून जाते तिथलं काम थोडा वेळ बिघडतं, म्हणून काहींना डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. माझ्या बाबतीत ती वेळेचा आणि आवाजाचा हिशेब ठेवणाऱ्या कोपऱ्यातून जात असावी. त्यांनी 'असावी' हा शब्द दोनदा वापरला, ते मला आवडलं. आणि लाटेचा वेग ऐकाल तर हसाल. मिनिटाला जेमतेम तीन मिलिमीटर. इतकी निवांत बाई आणि माझं सगळं जग पळवते!

नावही फॅन्सी आहे. 'अॅलिस इन वंडरलँड सिंड्रोम'. १९५५ मध्ये जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं दिलेलं. मुळात ते स्वतःचं शरीर अचानक मोठं किंवा छोटं झाल्यासारखं वाटणाऱ्यांसाठी होतं, पण वेळ पळणं हेही त्यातच मोडतं. पुस्तकाचा लेखक लुईस कॅरल यालाही अर्धशिशी होती, तसं त्याच्या डायरीत आहे. घड्याळ काढून 'उशीर झाला' म्हणत पळणारा तो ससा त्याला तिथूनच सुचला का, हे कोण सांगणार! २०१६ मध्ये डच मानसोपचारतज्ज्ञ यान डर्क ब्लॉम यांनी या सिंड्रोमच्या छापून आलेल्या केसेस मोजल्या, तर भरल्या फक्त १६९. माझा त्यावर विश्वास नाही. बाकीचे माझ्यासारखे गप्प बसले असणार.

गोळी दिली नाही. महिन्यातून वाढलं तर बघू, म्हणाल्या. झोप, वेळेवर जेवण आणि एक वही. वहीत तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप. सात नोंदी झाल्यात. पाचांच्या आधी जागरण आहे.

गेल्या मंगळवारीही मी आधी एक काम केलं. डोळे मिटले, मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि मनात अंदाज घेत साठ सेकंद झाल्यावर थांबवलं. आकडा आला ५७. म्हणजे माझं घड्याळ जवळपास बरोबर चालतंय, फक्त त्याचा सूर चिडका लागतोय. त्या जर्मन गृहस्थांची आठवण येऊन जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

मॅगी संपल्यावर रूममेटला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तू कधीकधी अशी बघतेस होय! मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय."

बुधवारी आईला फोन केला. वीस वर्षांनी. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला तो ताप आला होता ना दुसरी-तिसरीत, तेव्हा तू सारखी म्हणायचीस, आई ओरडू नको, आई ओरडू नको. मी तुझ्या उशाशी बसून रामरक्षा म्हणत होते गं. ओठातल्या ओठात. मला वाटलं, पोरीला माझा आवाजही नकोसा झाला. मग मी बाहेर जाऊन बसायची."

मी विचारलं, "किती वेळ?"

"तू झोपेपर्यंत," आई म्हणाली.