गाल सुजला, पण ॲलर्जीने नव्हे

रूट कॅनाल चालू असते. भुलीचे इंजेक्शन दिलेले, त्यामुळे दुखत काही नाही. मध्येच गालात असह्य कळ येते. काही मिनिटांत गाल फुगतो, दातातून रक्त येऊ लागते. घाबरलेला रुग्ण रात्री रुग्णालयात पोहोचतो तेव्हा हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते: ‘इंजेक्शनची ॲलर्जी’. दुसऱ्या दिवशी डोळ्याखालपासून ओठापर्यंत चेहरा काळानिळा पडतो.

ॲलर्जीत खाज येते, अंगावर गांधी उठतात. अशी कळ आणि रक्तस्राव हे तिचे लक्षण नव्हे. इथे दात धुण्याचे औषध मुळाच्या टोकातून बाहेर पडून गालाच्या मांसात गेलेले असते.

ते औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरातल्या ब्लीचमध्ये असते तेच. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी हेन्री डेकिन यांनी ते सुमारे ०.५ टक्के इतके पातळ करून वापरले. दातात काही दंतवैद्य ५ टक्क्यांहून तीव्र वापरतात. त्यांचे चुकते असे नाही. जिथे फाइल पोहोचत नाही तिथले जंतू ते मारते, सडलेला गर विरघळवते. मात्र जिवंत मांसालाही ते सोडत नाही.

सुई मुळाच्या नळीत घट्ट रुतली आणि सिरिंज जोरात दाबली, की औषधाला परत वर यायला वाट उरत नाही. मुलांच्या कच्च्या दातांत मुळाचे टोक उघडेच असते, तिथे धोका अधिक. टाळण्याचे उपाय महाग नाहीत. मुळाची लांबी नीट मोजायची, बाजूला छिद्र असलेली सुई वापरायची, ती सैल आणि टोकाच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे ठेवायची, अंगठ्याऐवजी तर्जनीने हळू दाबायचे. बाहेर चार रुग्ण खोळंबले की अंगठाच पुढे येतो, ही खरी अडचण!

असा अपघात क्वचित होतो आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. काहींची बधिरता मात्र लांबते. मग लपवायचे कशासाठी? ‘भुलीची ॲलर्जी’ हा खोटा शिक्का एकदा बसला की पुढे साधे टाके घालतानाही डॉक्टर भूल द्यायला कचरतात. शिवाय ॲलर्जीची गोळी देऊन घरी पाठवल्याने खरे उपचार राहून जातात. दात लगेच सलाईनने धुवावा लागतो, वेदनाशामक द्यावे लागते, पहिला दिवस बर्फाने आणि नंतर कोमट शेकावे लागते, जंतुसंसर्गावर रोज लक्ष ठेवावे लागते. सूज गळ्याकडे उतरली किंवा श्वास घ्यायला, गिळायला त्रास झाला तर रुग्णालयाला पर्याय नाही.

चूक झाली की दंतवैद्याने रुग्णाला तिथेच सांगावे आणि चिठ्ठीवर औषधाचे नाव, तीव्रता, वेळ लिहून द्यावी. रात्रपाळीच्या डॉक्टरांनीही ‘दातात काय सोडले होते?’ असे विचारायला हवे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात दातांना फारशी जागा नसल्याने हा प्रश्न सुचतच नाही.