आत बसलेल्याला विचारा!

मोटारींच्या शर्यतीवर दिवाळी अंकात लेख, आणि तोही अमेरिकेतल्या! चकलीचा तुकडा मोडीत अंक चाळणाऱ्या वाचकाच्या कपाळाला आठी पडेल, हे मला ठाऊक आहे. पण माझे भांडण मोटारींशी नाही, अमेरिकेशी तर नाहीच नाही. माझे भांडण आहे एका रीतीशी. ज्याचा जीव पणाला लागतो त्याला सोडून बाकी सर्वांनी बोलायचे, ही ती रीत. स्टॉक कारच्या शर्यतीत ती जितकी उघडीवाघडी दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल. कारण तिथे बोलणाऱ्यांची नावे मोटारीवरच हातभर अक्षरांत रंगवलेली असतात.

‘स्टॉक कार’ म्हणजे मूळ अर्थाने दुकानातून घेतलेली, चारचौघांच्या दारात उभी असते तशी मोटार. अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरटी दारू वाहणारी पोरे पोलिसांना गुंगारा देण्यासाठी वरून साध्या दिसणाऱ्या गाड्या आतून बळकट करीत. त्यांच्या अंगातला वेग पुढे शर्यतीत उतरला. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी फ्लॉरिडातल्या डेटोना बीच येथे नॅस्कार ही संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी शार्लट येथे दुकानी मोटारींची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. पण त्याच्या गाडीच्या स्प्रिंगा दारूवाल्यांच्या थाटात बदललेल्या निघाल्या. त्याला बाद केले आणि जिम रोपर विजयी ठरला. नियम आणि पळवाट ही जुळी भावंडे पहिल्याच दिवशी जन्माला आली म्हणायची! आणि हेही ध्यानात ठेवा, की ही संस्था सरकारी नव्हे, खेळाडूंची नव्हे. ती एका घराण्याच्या मालकीची आहे.

आता टायरचे पाहा. या गाड्या मोठ्या ट्रॅकवर ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावतात आणि बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला, डावीकडे वळतात. वळणावर मोठा भार उजव्या टायरांवर येतो. टायर तापतो, आतली हवा तापते, दाब वाढतो, आणि दाब फार वाढला की रस्त्यावरची पकड सुटते. म्हणून संघ काय करतात, तर मुळातच हवा कमी भरतात. हवा कमी की पकड जास्त, पकड जास्त की वेग जास्त. पण हवा कमी असलेल्या टायरची बाजू दर फेरीला दबते, उलगडते, अधिकच तापते आणि शेवटी फुटते. सायकलच्या चाकात हवा कमी असताना ज्याने कोणाला डबलसीट घेतले असेल, त्याला यातले अर्धे शास्त्र न शिकताच येते.

हे शास्त्र माणसे मारून शिकले गेले. १९६४ च्या सप्टेंबरात शार्लटला टायरची चाचणी चालू असताना जिमी पारड्यू गेला. १९६५ च्या जानेवारीत डेटोनाला, पुन्हा टायरच्याच चाचणीत, बिली वेड गेला. त्यानंतर टायरच्या आत दुसरा टायर बसवण्याची युक्ती निघाली; बाहेरचा फुटला तरी आतला गाडी सावरून धरी. दोन माणसांच्या मोलाने मिळालेली ही युक्ती अनेक दशके टिकली. २०२२ साली नव्या धाटणीची गाडी आली, चाक मोठे झाले, टायरची बाजू आखूड झाली, आणि तो आतला टायर गेला. मग हवा गेलेल्या गाड्या ट्रॅकवरच पोट टेकून बसू लागल्या. नवी रचना करताना जुने मोल कोणी आठवले होते काय?

‘पण चालक बोलत का नाहीत?’ असे कोणी विचारील. बोलले होते! १९६१ साली कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी चालकांची युनियन काढायचा घाट घातला. बिल फ्रान्स यांनी दोघांना जन्माची बंदी घातली. ती १९६५ साली उठली. १९६९ साली अलाबामातल्या टॅलाडेगाला ४.२८ किलोमीटरचा, वळणावर ३३ अंश कललेला नवा ट्रॅक तयार झाला. सरावात वेग ताशी ३२० किलोमीटरच्या घरात गेला आणि टायरांच्या चिंध्या होऊ लागल्या. रिचर्ड पेटीच्या पुढारपणाखाली चालकांनी नुकतीच आपली संघटना बांधली होती. त्यांनी शर्यत पुढे ढकला, म्हणून विनवले. फ्रान्स यांनी स्वतः गाडी काढली, ताशी २८० किलोमीटरच्या आसपास चालवली आणि ट्रॅक ठीक आहे असा निर्वाळा दिला! चालक त्याहून चाळीस किलोमीटर अधिक वेगाने जात होते, ही किरकोळ बाब. तीसहून अधिक चालक गाड्या गुंडाळून घरी गेले. १४ सप्टेंबरला उरलेल्यांना आणि लहान गाड्यांना घेऊन शर्यत झाली, रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. प्रेक्षकांना त्याच तिकिटावर पुढे आणखी एक शर्यत पाहण्याची सवलत मिळाली. प्रेक्षकांची भरपाई झाली. चालकांची संघटना मात्र थोड्याच वर्षांत मावळली.

मग आले आश्रयदाते, ज्यांना आता प्रायोजक म्हणतात. १९७१ च्या जानेवारीत अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. त्याच वर्षी नॅस्कारच्या मुख्य मालिकेला विन्स्टन सिगारेटचे नाव लागले, ते २००३ पर्यंत राहिले. पडद्यावरून हाकललेली सिगारेट मोटारीत बसून पडद्यावर परतली! १९७२ साली पेटीला एसटीपी या कंपनीचा आश्रय मिळाला. कंपनीला गाडी तांबडी हवी होती. पेटी घराण्याची गाडी निळी. पेटी अडून बसला. अखेर निळा आणि तांबडा, दोन्ही रंग लावायचे ठरले.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. ज्या पेटीचे म्हणणे १९६९ साली टायरच्या बाबतीत चालले नाही, त्याचेच १९७२ साली रंगाच्या बाबतीत चालले. का? कारण रंगाच्या वेळी त्याच्याशी गाठ होती ती पैसे देणाऱ्याची, आणि पैसे देणाऱ्याला तो हवा होता. चालकाचा शब्द ऐकायला लावण्याची ताकद या खेळात कोणापाशी आहे, ते यावरून कळावे.

ती ताकद वापरली जाते कधी? २०१३ च्या सप्टेंबरात रिचमंडला मायकेल वॉल्ट्रिप यांच्या संघाने आपल्या एका चालकाला पुढच्या फेरीत ढकलण्यासाठी शेवटी शेवटी लबाडी केली. सात फेऱ्या उरल्या असताना त्याच संघातल्या क्लिंट बोयरची गाडी गिरकी घेऊन थांबली आणि शर्यतीचा रंग पालटला. नॅस्कारने संघाला तीन लाख डॉलर दंड केला, आणि ज्याच्यासाठी हे सारे झाले त्या मार्टिन ट्रुएक्सला स्पर्धेबाहेर काढले. ट्रुएक्सच्या गाडीवर नाव असलेल्या नापा कंपनीने त्याच महिन्यात जाहीर केले, की हंगाम संपताच आम्ही चाललो. २०१५ अखेर तो संघच मिटला. चालकाने शंभर टक्के जोर लावून धावलेच पाहिजे, असा नियमही २०१३ सालीच आला. तो मोडणारे निघालेच. २०२४ च्या नोव्हेंबरात मार्टिन्सव्हिलला एकाच कंपनीच्या गाड्या चालवणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळून घेतले, तेव्हा तीन संघांना आणि तीन चालकांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. ठीकच झाले. निकालाची लबाडी ही लबाडीच.

पण निकालाच्या अब्रूसाठी जी तडफ दिसते, ती टायरसाठी दिसते काय? २००८ साली इंडियानापोलिसला टायरचे रबर दहा-बारा फेऱ्यांत झिजून भुकटी होत होते. १६० फेऱ्यांची शर्यत थोड्या थोड्या फेऱ्यांनी पिवळे निशाण दाखवून, टायर बदलीत, रखडत पुरी केली. नंतर प्रेक्षकांची क्षमा मागितली गेली. टायर पुरवणारी कंपनी १९९७ पासून एकच, गुडइयर. चालकाला दुकान बदलण्याचीही सोय नाही. २०१५ साली रायन न्यूमनच्या संघाने टायरला बारीक भोके पाडून तापलेली हवा हळूहळू सुटेल अशी तजवीज केलेली सापडली. क्रू चीफला निलंबन झाले, दंड झाला, गुण गेले. २०२२ साली गाडीचे चाक निखळले तर क्रू चीफ आणि दोन मेकॅनिक चार शर्यती घरी, असा दंडक होता. आणि त्याच साली टेक्सासला अव्वल चालकांचे टायर फुटले, तेव्हा चर्चा कसली? तर कंपनीने हवेचा जो किमान दाब सुचवला होता तो संघांनी पाळला होता की नाही! सुचवला होता, म्हणे! चाक बसवणाऱ्या मेकॅनिकसाठी नियम, आणि माणसाचा जीव ज्यावर तरंगतो त्या हवेसाठी शिफारस. हा कुठला न्याय?

माझा एक भाचा शार्लटलाच असतो. त्याच्याशी टेलिफोनवर माझा या विषयावर तंटा झाला. तो म्हणाला, “मामा, तुम्ही इथले एकच अंग पाहता. २००० च्या मेपासून २००१ च्या फेब्रुवारीपर्यंत अॅडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर आणि डेल अर्नहार्ट असे चौघे गेले. मान सावरणारे साधन कधीचे तयार होते, पण खुद्द अर्नहार्टला ते नको होते! शेवटी २००१ च्या ऑक्टोबरात संस्थेनेच सक्ती केली. तेव्हापासून वरच्या मालिकेच्या शर्यतीत एकही चालक गेलेला नाही. चालकांचे ऐकत बसले असते तर?”

प्रश्न बिनतोड आहे, असे त्याला वाटले. मी त्याला म्हटले, “अरे, ‘मी मरायला तयार आहे’ असे म्हणण्याचा हक्क मी कुठे मागतो? ‘मी मरायला तयार नाही’ असे म्हणण्याचा हक्क मागतो!” चालकाचा शब्द एकाच दिशेने चालावा, सावधपणाच्या. संस्थेने पट्टा बांध म्हटले तर त्याने बांधावा. पण त्याने टायर धड नाही म्हटले तर शर्यत थांबावी. २०२२ च्या गाडीची मागची बाजू फार ताठ आहे, धक्का थेट अंगावर येतो, हे चालक सांगत होते. कर्ट बुश जुलैत आणि अॅलेक्स बोमन सप्टेंबरात डोक्याला हादरा बसून घरी बसले. बुशची पूर्ण वेळची कारकीर्द तिथेच संपली. त्यानंतर २०२३ साठी गाडी बदलली. २०२२ सालीच चालकांचे एक सल्लागार मंडळ झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण सल्ला तो सल्लाच. घ्यायचा की नाही, हे दुसराच ठरवतो.

“मग उद्या पैसे वाढवून घेण्यासाठी टायरचे निमित्त करतील!” भाचा म्हणाला. करतीलही एखादे वेळी. एक शर्यत बुडेल, तिकिटाचे पैसे परत करावे लागतील. टॅलाडेगाला तेवढे औदार्य दाखवता आलेच होते की!

जाहिरातींवर माझा राग आहे, असे मात्र कोणी समजू नये. तुमच्या हातातला अंकसुद्धा जाहिरातींच्या आधारावरच निघतो. सुगंधी तेल, उटणे आणि साबण यांच्या पानांतून वाट काढीतच हा लेख तुमच्यापर्यंत आला आहे. पैसे देणाऱ्याने नाव लावावे, खुशाल हातभर लावावे. माझी मागणी एवढीच, की हवेचा किमान दाब शिफारस न राहता मोजून पाहण्याचा नियम व्हावा. निम्म्याहून अधिक चालकांनी टायर नाकारला तर तो निर्णय अखेरचा असावा. आणि अशा नकाराबद्दल चालकाला एक पैचाही तोटा होऊ देणार नाही, असे बॉनेटवर नाव लावणाऱ्याने करारातच लिहून द्यावे. संस्था आपणहून हे करणार नाही. तिला साठ वर्षांहून अधिक सवड मिळाली होती. प्रायोजकाने मनात आणले तर एका हंगामात होईल. लबाडी करणाऱ्या संघाला सोडून जाताना त्याला महिनादेखील लागला नव्हता.

तसे होत नाही तोवर त्या गाड्यांवरची नावे नुसती रंगाची राहतील. टायर फुटून गाडी भिंतीवर आदळली, की आधी रंगच खरवडून निघतो.