शुश्रूषा : नुसती सेवा की विद्या ?

परिचारिकेचा गौरव करायचा म्हटला की आपल्याकडे 'सेवा' आणि 'त्याग' हे दोन शब्द हमखास येतात. दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, हाती दिवा घेतलेल्या त्या बाईचे चित्र पुढे ठेवून हीच भाषणे होतात. याच बाईने क्रिमियन युद्धातील मृत्यूंचे आकडे मांडून सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले हे दाखवून दिले, आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले, हे मात्र कोणी सांगत नाही. दिवा दिसतो, डोके दिसत नाही !

माझ्या मते या गौरवातच अन्याय दडलेला आहे. सेवेला मन लागते, ज्ञान लागत नाही, असा आपला समज. प्रत्यक्षात डॉक्टर फेरी करून जातात. उरलेला दिवस आणि सबंध रात्र रोग्याजवळ परिचारिका असते. श्वास मिनिटाला १६ वरून २४ वर गेला, काल नीट बोलणारा रोगी आज असंबद्ध बोलतो, हे प्रथम तिलाच कळते. यात मामुली कोणते आणि धोक्याचे कोणते, रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवावे की नाही, हे ठरवणे म्हणजे नुसती हुकमाची अंमलबजावणी नव्हे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ साली अरुणा शानबाग या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला. २०१५ साली तिचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांनी तिला सांभाळले. अंथरुणाला खिळलेल्या देहाची कूस वेळेवर बदलली नाही, तर काही तासांतच कातडीवर व्रण धरू लागतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची प्रशंसा केली, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकारही तिला रोज सांभाळणाऱ्या रुग्णालयातील मंडळींचाच मानला. आपण याला माया म्हणून मोकळे होतो. माया होतीच, पण कूस केव्हा बदलावी, घास गिळला जाईल की श्वासनलिकेत जाईल, हे नुसत्या मायेने कळत नाही. ते शिकावे लागते.

निदान डॉक्टरांनीच करावे, हे मान्य. परंतु त्या निदानाला लागणारी नोंद परिचारिकेची असते. म्हणून फेरीच्या वेळी तिची नोंद वाचली जावी, आणि "मला या पेशंटची काळजी वाटते" एवढे तिचे म्हणणे डॉक्टरांना बोलावण्यास पुरेसे मानले जावे. आणि मित्रहो, एखादी हुषार मुलगी परिचारिका व्हायचे म्हणाली, तर "मग डॉक्टरच का नाही होत ?" हा प्रश्न आपण तरी विचारू नये.